जमनाच्या कानातला मंत्र

तिवरपाड्याच्या किनाऱ्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर पोरं चढून बसली होती आणि एरवी त्यांना काठीने हाकलणाऱ्या बायका आज तिकडे बघतही नव्हत्या. सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी लागले होते. वाळूच्या उतारावर एकोणीस वर्षांची जमना हिरवं लुगडं नेसून उभी होती, तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं आणि झुंबरबुवा धुपाटणं हलवत तिच्याभोवती फिरत होता.

"शांत राहा!" बुवा ओरडला. "देवी यायच्या टायमाला कुणी खोकायचं नाय. ज्याला खोकायचंय त्यानं आत्ताच खोकून घ्या."

वीस-पंचवीस माणसं भक्तिभावाने खोकली.

"निघाली! जलदेवी निघाली! गोव्याचा किनारा सोडला! रत्नागिरी आली! मुंबईत गर्दी लई, तितं माझी माय थांबत नाय! वसई गेली! वैतरणा वलांडली! केळवं आलं!"

बुवाच्या तोंडून देवीचा हा मार्ग ऐकून लोकांचे हात आपोआप जोडले जात होते. मग बुवाने तोंडाला पंजा आडवा धरला, जमनाच्या कानाशी वाकला आणि मंत्र दिला. मनात तीन म्हणेपर्यंत जमनाची हनुवटी सैल पडली, मान लटकली, गुडघे मिटले आणि ती समुद्राच्या बाजूला वाळूवर कोसळली. पापण्या अर्धवट उघड्या, बोटंसुद्धा हलत नव्हती.

"दर्याकडं पडली!" बुवाने हात वर केले. "जा लेकरांनो, दर्या मोकळा हाय!"

एकच गलका झाला आणि होड्या पाण्यात लोटल्या गेल्या. जमना गावाच्या बाजूला पडली असती तर एकही होडी हलली नसती. दोन वर्षं तिवरपाड्याचा कारभार असा चालला होता. मिनिटाभराने जमना उठली, लुगड्याची वाळू झटकली आणि खाली मान घालून घरी गेली. तिच्याकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं.

गर्दीच्या शेवटी लशीची पेटी कमरेवर घेऊन मैनाबाई उभी होती. ती तिवरपाड्याच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. माहेर माण तालुक्यातलं, जिथे पाणी पाहायचं तर विहिरीत वाकावं लागतं. नवरा शिवाजी बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होता म्हणून दोघांनी सालवडला खोली घेतली होती. आज ती पोरांना लस द्यायला आली होती, पण देवी परत जाईपर्यंत एकही आई मोकळी नव्हती.

मैनाबाईने अंगात येणाऱ्या बाया लहानपणापासून पाहिल्या होत्या. तिची सख्खी चुलती दर अमावास्येला घुमायची आणि घुमता घुमता सुनेचा पाणउतारा करून घ्यायची. अंगात आलेली बाई घुमते, केस सोडते, लिंबू मागते, खण मागते, जमल्यास वेगळी खोली मागते. ही पोरगी काहीच मागत नव्हती. ती नुसती पडत होती. मैनाबाईला ते खटकलं आणि खटकलेली गोष्ट सोडून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

झुंबरबुवाबद्दल तिला एवढंच माहीत होतं की तो नगरकडचा, आणि दोन वर्षांपूर्वी बोईसरहून येणाऱ्या बर्फाच्या गाडीवर हमाल होता. त्याला पोहता येत नव्हतं. होडीत त्याने कधी पाय ठेवला नव्हता. अशा माणसाला समुद्राचं सगळं कळतं, याबद्दल पाड्यात कोणाच्या मनात शंका नव्हती.

वैशाखात जमनाची आई सोमी तिला दवाखान्यात घेऊन आली. चुलीपुढे बसल्या बसल्या पोरीला झोप लागली होती आणि हात निखाऱ्यावर पडला होता.

"हिला झोप लई, सिस्टरबाय," सोमी म्हणाली. "मासळी राखायला बसवली तं झोपते. जेवताना झोपते. कावळं येऊन बोंबील नेतात नि ही तितंच घोरते. देवीचा भार हाय, म्हणून आमी काय बोलत नाय."

मैनाबाई मलम लावू लागली. जखम झोंबत होती, म्हणून पोरीचं मन रमवायला तिने आपल्या नवऱ्याची गोष्ट काढली. शिवाजीने लग्नानंतर पहिल्यांदा ओले बोंबील आणले. घाटावरचा माणूस. मासा हातात लिबलिबीत लागला तेव्हा त्याला वाटलं कोळणीने फसवलं, आतली हाडं आधीच काढून घेतली. तो तसाच तणतणत बाजारात परत गेला आणि म्हणाला, "माझी हाडं दे!"

जमनाच्या तोंडातून एक हसू फुटलं आणि दुसऱ्या क्षणी तिची हनुवटी सैल पडली, मान लटकली, गुडघे मिटले. मैनाबाईने तिला काखेत धरलं म्हणून डोकं वजनकाट्यावर आपटलं नाही. धूप नव्हता, लिंबू नव्हतं, देवी गोव्याहून निघालेली नव्हती. बोरिक पावडरचा डबा आणि लशीची पेटी एवढ्याच सामानात जलदेवी दवाखान्यात हजर झाली होती.

पोरीने डोळे उघडले तेव्हा मैनाबाईने दार लावून घेतलं.

"जमना, पडलीस तेव्हा मी काय बोलत होते ते ऐकू आलं?"

"सगळं. तुमी म्हनलात, 'सोमीबाय, पाय उचला.'"

"म्हणजे तू बेशुद्ध नव्हतीस. आता खरं सांग. बुवा कानात काय सांगतो?"

जमना आईकडे बघून रडायलाच लागली. मंत्र फोडला तर रक्त ओकून मरशील, असं बुवाने सांगितलं होतं. मैनाबाईने तिला रडू दिलं, मग पाणी दिलं आणि पुन्हा विचारलं. शेवटी पोरगी बोलली.

"हसायचं सांगतो. कायतरी वाकडंतिकडं. मी हसले का पडते. पयल्यांदी बर्फ उतरवताना त्यानं गंमत केली नि मी तशीच पडले, तवाच त्यो वरडला, देवी आली म्हणून. मला बोल्ला, देवीला तुझं हसू खपत नाय, म्हणून ती तुला पाडते. माझ्याबिगर कुणापुढं हसायचं नाय." तिने नाक पुसलं. "मी नाय हसत, सिस्टरबाय. बाया मासळी निवडताना मस्करी करतात तवा मी उठून जाते."

आपली पोरगी घुमी आहे, असं सोमी दोन वर्षं शेजारणींना सांगत आली होती. पोरगी हसायला घाबरत होती, हे तिला आज कळलं.

"आनि आता नारळी पुनवेला तिला होडीवर चढवनार हाय त्यो," सोमी म्हणाली. "नाळेवर, अगदी फुडच्या टोकाला उभी करनार. भर दर्यात मंत्र देनार. जिकडं पडंल तिकडं मासळी. आजूबाजूच्या पाड्यांचं तांडेल पन येनार हायत बघायला."

मैनाबाईला समुद्र कळत नव्हता, पण एवढं कळलं. हातपाय लुळे पडलेला माणूस पाण्यात पडला तर तो कोळ्याचा असो की घाटावरचा, तळाशीच जाणार.

ती आधी सरळ मार्गाने गेली. जमनाचा बाप एकनाथ तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, स्वतःची होडी बाळगून होता आणि पाड्यात त्याच्या शब्दाला मान होता. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

"एकनाथभाऊ, पोरीला आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरला दाखवू."

"आजार कसला? देवी येते अंगात. दोन वरसांत आमची एक होडी बुडली नाय, म्हाईत हाय?"

"आणि त्याच्या आधी किती बुडल्या होत्या?"

एकनाथने बराच वेळ आठवून पाहिलं. "आधीपन नाय," तो म्हणाला, आणि हा देवीच्याच बाजूचा पुरावा असल्यासारखा समाधानाने पोटावर हात ठेवून बसला.

तेव्हा सोमीने भाजलेल्या हाताचं निमित्त केलं आणि मैनाबाईबरोबर पोरीला मुंबईला नेलं. मोठ्या सरकारी दवाखान्यातला मेंदूचा डॉक्टर म्हातारा होता. त्याने जमनाच्या डोक्याला वायरी लावून झोप तपासली, मग तिला समोर बसवून प्रश्न विचारले.

"झोपेतून जाग येते, पण अंग हलत नाही, असं होतं?"

जमनाने मान हलवली.

"तेव्हा खोलीत कोणी उभं आहे असं दिसतं? छातीवर बसल्यासारखं वाटतं?"

हे तिने आईलाही सांगितलेलं नव्हतं. न सांगता कोणीतरी तिचं दुखणं ओळीने सांगत होतं, आणि त्याच्या हातात धुपाटणं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"याला नार्कोलेप्सी म्हणतात," डॉक्टर म्हणाला. "आपल्याला स्वप्न पडतं तेव्हा मेंदू शरीर सैल सोडतो. नाहीतर स्वप्नात पळताना आपण खाटेवरून पडलो असतो. हिच्या मेंदूत झोप आणि जाग यांच्यातलं दार नीट बंद होत नाही. जागेपणी झोप शिरते. आणि हसली, दचकली की फक्त तो सैलपणा शिरतो. शुद्ध जात नाही, अंग जातं."

"नाव ऱ्हाऊ द्या," सोमी म्हणाली. "औषध हाय का?"

औषध होतं. सकाळी जाग राखायची एक गोळी, आणि पडणं थांबवायची दुसरी. पण डॉक्टरने गोळ्यांपेक्षा जास्त वेळ बाकीचंच समजावलं. रात्री ठरल्या वेळी झोपायचं, ठरल्या वेळी उठायचं. दुपारी आणि संध्याकाळी वीस वीस मिनिटं पडायचं. दुपारी भाताचा डोंगर रचायचा नाही. चुलीशी एकटी नाही, विहिरीशी नाही, होडीवर तर नाहीच. गोळी मनाने बंद करायची नाही, पडणारी तर अजिबात नाही. "थोडा गुण पंधरा दिवसांत दिसेल, पुरता दिसायला महिना-दीड महिना. पण शंभर टक्के हमी मी देत नाही," तो म्हणाला. एवढा शिकलेला माणूस हमी देत नाही, याचं सोमीला नवल वाटलं. बुवा तर मागाल त्याची हमी द्यायचा.

गोळ्या गिळणं सोपं होतं. ठरल्या वेळी झोपणं हे कोळ्याच्या घरात अवघड. त्या घराला घड्याळ नव्हतंच, भरती-ओहोटी होती, आणि भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. होड्या येतील तेव्हा उठायचं, मासळी निवडून होईल तेव्हा आडवं व्हायचं, हीच पिढ्यान्पिढ्यांची रीत. सोमीने पालघरच्या बाजारातून गजराचं घड्याळ आणलं आणि पोरीपुरती रीत मोडली. पावसाळा असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, त्याचा फायदा झाला. शेजारीण हंसा विचारायची, "दुपारी पोरीला झोपवतेस नि गजर लावून उठवतेस, येडी झालीस का?" सोमी म्हणायची, "होय."

होड्याच बंद म्हटल्यावर देवीलाही सुट्टी होती. बुवाचा मंत्र पावसाळाभर बंद राहिला आणि गोळ्यांना लागू पडायला हवे होते तेवढे दिवस मिळाले. जमनाचं दिवसाचं पेंगणं कमी झालं. आषाढ संपता संपता हंसाच्या म्हशीने हंसाचंच लुगडं खाल्लं, तेव्हा जमना भिंतीला धरून हसली आणि उभीच राहिली. हे फक्त मैनाबाईला आणि सोमीला कळलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मैनाबाई म्हणाली, "तू घरातच थांब. मी सांगते तापाने फणफणलीय म्हणून."

"नको," जमना म्हणाली. "ताप उतरंल, मंग परत होडीवर चढवतील. मला बुवाचा मंत्र उभं राहून ऐकायचाय."

"आणि पडलीस तर?"

"तं तुमी मागं हायत ना?"

मैनाबाईला हे फारसं पटलं नाही. पण पोरगी पहिल्यांदाच काहीतरी मागत होती, म्हणून तिने एकच अट घातली. जे काही व्हायचं ते वाळूवर, होडीत चढायच्या आधी.

पौर्णिमेला किनारा फुलून गेला. होड्यांना झेंडे, बायकांच्या अंबाड्यांत अबोली, चार पाड्यांचे तांडेल नवे कपडे घालून आलेले. दुपारची वीस मिनिटं जमना ओढलेल्या होडीच्या सावलीत झोपली, सोमीने गजर होताच तिला उठवलं आणि मग ती उतारावर येऊन उभी राहिली. मैनाबाई तिच्या मागे दोन पावलांवर. एकनाथ हातात समुद्राला वाहायचा नारळ घेऊन पुढे उभा होता.

"होडीत चढायच्या आधी देवीचा कौल पाहिजे," जमना म्हणाली.

चार पाड्यांसमोर बुवाला नाही म्हणता येईना. धुपाटणं फिरलं, लोक आधी खोकून घेते झाले. देवी गोव्याहून निघाली, या खेपेला केळव्यालाही न थांबता तडक आली. बुवा कानाशी वाकला.

जमनाची मान किंचित झुकली. एक गुडघा हलला. मैनाबाईने हात पुढे केले. मग जमनाने मान वर केली आणि हसली. दात दाखवून, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिवरपाड्याने दोन वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. लोक आधी घाबरलेच.

बुवाने घाईघाईने दुसरा मंत्र दिला. जमनाने पोट धरलं. तिसरा दिला. जमना डोळे पुसत म्हणाली, "ह्यो जुना झाला, बुवा. चैतात सांगितलेला."

"काय सांगतो गो त्यो?" गर्दीतून हंसा ओरडली.

"मंत्र फोडशील तं रक्त ओकशील!" बुवाचा आवाज चिरकला.

जमनाने एकदा आईकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पयला मंत्र असा हाय. 'तुझा बा दर्यात डुबकी मारतो तवा पानी पार माकुणसार गावात शिरतं!'"

सगळ्यांनी एकनाथच्या पोटाकडे बघितलं. एकनाथनेही बघितलं. मग सोमीला हसू आवरेना, मग हंसाला, मग चार पाडे हसले. जमनाने रक्त ओकलं नाही. तिला उचकी लागली तेवढी.

"पन ती तं पडायची!" एकनाथ ओरडला. "नि दर्याकडंच पडायची, ते काय खोटं?"

मैनाबाईने त्याच्या हातातला नारळ मागून घेतला आणि बुवाने जमनाला उभं केलं होतं तिथेच वाळूवर ठेवला. नारळ गडगडत समुद्राकडे गेला.

"उतार आहे, भाऊ. गुडघे गेले की माणूस उताराकडेच पडणार. होड्या थांबवायच्या असतील तेव्हा बुवा तिला या उंचवट्याच्या पलीकडे उभी करायचा, तिथला उतार गावाकडे. आठवा."

लोक आठवू लागले. बुवाने मात्र आठवायला न थांबता झोळी टाकली आणि बोईसरचा रस्ता धरला. झोळीत अंगारा होता, दोन सुके पापलेट होते आणि एक ट्रान्झिस्टर होता. तो लावला तेव्हा मुंबई केंद्र लागलं. मच्छीमारांना वाऱ्यापावसाची सूचना देणारं तेच केंद्र. समुद्र मोकळा की बंद, हे बुवाला रोज संध्याकाळी देवीच्या आधी तिथून कळत होतं. पाड्यात रेडिओ चार होते, पण घरची देवी असताना बातम्या कोण ऐकतो?

एकनाथ वाळूवर बसला. पोटावरून केलेली थट्टा त्याने ऐकून घेतली असती, पण या मंत्रापुढे आपण दोन वर्षं हात जोडत होतो, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"सिस्टरबाय, पोर बरी कवा व्हईल?" त्याने शेवटी विचारलं.

"पुरती बरी होणार नाही. गोळी रोज, झोप वेळेवर, जन्मभर. मग ती काम करेल, हसेल, तिचा संसारही होईल."

"जन्मभर?" एकनाथचा चेहरा पडला. "बुवा तं बोल्ला व्हता, एका हवनात हिची झोप उडवतो..."

"बुवा हवन करून गेला असता. नाळेवरून पडली असती ती तुमची पोरगी." मैनाबाईचा आवाज चढला, कारण तिला आता राग आला होता. "लोकांनो, मी गोळ्या आणल्या म्हणून उद्या माझ्या पाया पडू नका. मला काही कळत नव्हतं. पोरगी का पडते, एवढंच मी विचारलं. तुम्ही दोनशे माणसं दोन वर्षं बघत होतात. वाऱ्याची दिशा बदलली तर तुम्ही विचारता, जाळं फाटलं तर कशाने फाटलं ते विचारता. पोरगी पडते तेव्हा का नाही विचारलं?"

एकनाथ उठला आणि जमनासमोर जाऊन उभा राहिला. "घड्याळात किती वाजले?" त्याने विचारलं. "तुझ्या झोपेची येळ झाली असंल."

दुसऱ्याच आठवड्यात तीन सासवा दवाखान्यात आल्या. सुना आळशी आहेत, म्हणून त्यांच्यासाठी जमनाची गोळी हवी होती. मैनाबाईने त्यांना हाकलून दिलं. दिवाळीत एकनाथने, आता पोरगी बरी दिसते म्हणून, चार दिवस गोळ्या लपवल्या. पाचव्या दिवशी जमना मासळीच्या टोपलीवर पालथी पडली आणि सोमीने नवऱ्याला जे ऐकवलं ते अर्ध्या पाड्याने ऐकलं. त्यानंतर सकाळची गोळी तो स्वतः हातावर ठेवू लागला.

पुढच्या वर्षापासून जमना बोईसरच्या बाजारात हंसाशेजारी मासळी विकायला बसू लागली. भाव करायला तिखट आणि गिऱ्हाइकाची मस्करी करायला त्याहून तिखट. दुपारी एकच्या सुमाराला ती टोपलीवर ओलं फडकं टाकायची, गजर लावायची आणि मागच्या पोत्यावर आडवी व्हायची. एकदा कॉलनीतल्या एक बाई पापलेट बघता बघता थबकल्या. पोरगी गाढ पडलेली, पापण्या थरथरत होत्या. बाईंनी पर्स छातीशी धरली आणि हळूच विचारलं, "अहो, हिच्या अंगात काय आलंय?"

"झोप आलीय," हंसा म्हणाली. "वीस मिनटांत जाईल. पापलेट किती देऊ?"